सतरा नंबरचा रुमाल

१

एप्रिलात आमची अभ्यासिका दुपारी एक ते चार बंद असते. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, विरूपाक्षअप्पांच्या बियाण्याच्या दुकानावर तो लांबट हॉल आहे. वर पत्रे. एक वाजला की पत्रे तापून टकटक वाजायला लागतात आणि राखणदार रामकिशनकाका जिन्याच्या कठड्यावर काठी आपटून पोरांना बाहेर काढतात.

"उठा, उठा. भाजून निघताल. चारला या."

त्यानंतरचे तीन तास हॉल माझा असायचा. पंख्याखालच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडायचो, शेजारी सर्व्हरचा काळा डबा ठेवायचो आणि दोघांमध्ये हातभर लांबीची एक वायर जोडायचो. दुसरी कुठलीही जोडणी नाही. वायफाय बंद, मोबाइल बंद. चाचणी स्वच्छ हवी असेल तर असंच करावं लागतं.

लातूरच्या एका कॉलेजने बदललेले चोवीस जुने संगणक आम्हाला मिळणार होते. देण्याआधी त्यांतल्या हार्ड डिस्क काढून घेतलेल्या होत्या. असा संगणक चालू केला की त्याला स्वतःचं काहीच आठवत नाही. तो वायरीवर हाक मारतो, मला पत्ता द्या, मी कुठून सुरू होऊ ते सांगा. त्या हाकेला उत्तर द्यायचं काम सर्व्हरचं. तो पत्ता देतो, आपल्या साठ्यातला एक कोरा तुकडा त्या संगणकाला काढून देतो, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बसवतो आणि तिथूनच तो संगणक चालतो.

खरे संगणक शनिवारी येणार होते आणि त्यांच्यावर अभ्यासिकेतल्या पोरांची सराव परीक्षा रविवारी सकाळी दहाला. मध्ये एकही दिवस नव्हता, म्हणून चाचणी मी व्हर्च्युअल मशीनवर करत होतो. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले खोटे संगणक. त्यांना पडदा नसतो, वजन नसतं, पण हाक ते खऱ्यासारखीच मारतात. सर्व्हरच्या नोंदीत एकेक ओळ उमटत जायची. हाक, उत्तर, पत्ता, तुकडा. मला त्या ओळी बघायला फार आवडायचं.

हॉल अप्पांचा. त्यांनी तो सहा वर्षं अभ्यासिकेला वापरू दिला होता, पण आता एक क्लासवाला तो मागत होता. अप्पा माणूस सरळ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि बोलणं तिखट.

"फिनलंडात शिकून आलास म्हणं. बर्फातून हितं उन्हात कामून आलास?"

"इथं कामं आहेत अप्पा."

"हाव का? मग रविवारी दहाला मी वर येतो. चोवीस म्हणलास ना, चोवीसच्या चोवीस चालू दिसू दे. चोवीस खुर्च्यांवर माणसं दिसू दे. हॉल तुझा. एक बी रिकामी दिसली तर क्लासवाल्याचा. मग रडायचं न्हाई."

मी परत का आलो याचं खरं उत्तर दिपाली आहे. माझी धाकटी बहीण. गेल्या वर्षी तिची नोकरीची परीक्षा संगणकावर झाली. तिला उत्तरं येत होती, माऊस येत नव्हता. चाळिसाव्या मिनिटाला बोट घसरलं, भलतं बटण दाबलं गेलं आणि पेपर जमा झाला. उरलेली ऐंशी मिनिटं ती तिथेच बसून राहिली, कारण आता उठायचं असतं की नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी तेव्हा बर्फात एका बसथांब्यावर उभा होतो. दोन महिन्यांनी मी घरी आलो.

यंदाची तिची परीक्षा रविवारनंतरच्या गुरुवारी होती. घरी ती लॅपटॉपवर हात साफ करत होती, पण भरल्या हॉलात, समोर घड्याळ पळत असताना, पूर्ण दोन तास बसायचा सराव तिला रविवारीच मिळणार होता.

२

अभ्यासिकेत चोवीस खुर्च्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर. स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकायचा आणि जागा आपली, हा आपल्याकडचा कायदा. अभ्यासिकेतही तोच चालायचा. पोरं पहाटे पाचला येऊन रुमाल ठेवून परत झोपायला जायची. मुली घरचं पाणी, भाकरी, धुणं उरकून आठला यायच्या आणि चोवीस रुमालांकडे बघत जिन्यात बसून वाचायच्या. दिपाली दोन वर्षं जिन्यात बसली होती.

परीक्षेच्या आठवड्यातल्या सोमवारी मी सगळ्यांना जमवलं आणि बोललो. जरा जास्तच बोललो. जागा धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारणं. आजपासून इथे जो येईल तो बसेल. पोरांनी कुरकुर केली, एकाने मागून "फिनलंड झिंदाबाद" म्हटलं, पण रुमाल उचलले गेले.

एक राहिला. सतरा नंबरवर. पांढरा, निळ्या काठाचा, चौघडी घातलेला. पंख्याखालची, खिडकीजवळची, हॉलातली सगळ्यांत चांगली जागा, आणि तिथे कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हा कोणाचा?" मी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

रामकिशनकाका दारातून म्हणाले, "त्याला हात लावू नको, बाबू."

"कोणाचा आहे पण?"

"कोणाचा का आसंना. हाय."

"काका, नियम सगळ्यांना सारखा."

मी तो उचलला. ओलसर होता. आत्ताच कुणीतरी हात पुसून ठेवल्यासारखा. हॉल उकळत होता, दहा मिनिटांत धुणं वाळावं अशी हवा. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि दिपालीला म्हटलं, बस तिथे. ती बसली नाही. म्हणाली, मला जिनाच बरा, दादा. मला तिचा राग आला.

त्याच दुपारी मी सर्व्हरचा नियमही तसाच केला. साधारणपणे सर्व्हरला यादी देतात, या इतक्या संगणकांनाच उत्तर दे, बाकीच्यांना नको. मी यादी काढून टाकली. ओळख विचारायची नाही, जो मागेल त्याला द्यायचं. उद्या एखाद्या पोराने स्वतःचा मोडका लॅपटॉप आणला तरी त्याला मिळायला हवं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

३

मंगळवारी पाच व्हर्च्युअल मशीन चालू केल्या. नोंदीत सहा हाका आल्या.

मी पुन्हा मोजल्या. पाच हाका माझ्या, त्यांना एक ते पाच पत्ते मिळालेले. सहावी त्यांच्यानंतर चार सेकंदांनी. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो, व्हर्च्युअल असला तरी. सहाव्याच्या क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं होती.

आधीची एखादी मशीन नीट बंद झाली नसेल. मी सगळं बंद केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, पाच मशीन चालू केल्या. सहा हाका.

वायर तपासली. हातभर लांब, दोन टोकं, दोन्ही माझ्यासमोर.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. सहाव्याला पुढचा पत्ता, म्हणजे सहा, मिळायला हवा होता. त्याला सतरा मिळाला होता. कारण त्याने सतरा मागितला होता. यात अद्भुत काही नाही. आधी एखाद्या पत्त्यावर राहून गेलेला संगणक परत आला की तोच पत्ता मागू शकतो. मी पूर्वी इथेच होतो, माझी जागा मला द्या, अशा अर्थाची ती हाक असते. मोकळी असेल तर सर्व्हर देतो.

पण हा सर्व्हर चार दिवसांपूर्वी मी स्वतः कोऱ्या डब्यावर बसवला होता. त्यावर सतरा नंबर कुणालाच कधी मिळालेला नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये चुका असतात. वहीत लिहिलं, 'एक जास्तीची हाक, कारण शोधणे.' लिहिताना खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लोखंडी पाय फरशीवरून ओढल्यावर येतो तसा, पण हळू, शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने. अभ्यासिकेत सगळे तसेच खुर्ची ओढतात. मी वर पाहिलं. हॉल रिकामा होता आणि पत्रे टकटकत होते. तापल्यावर लोखंड सरकतं, हे मला माहीत आहे.

सतराची खुर्ची टेबलापासून वीतभर मागे होती. ती सकाळीही तशी असेल. मी सकाळी पाहिली नव्हती.

४

बुधवारी सतराच्या नावचा तुकडा तीन टक्के भरलेला दिसला. मी पुसला. गुरुवारी तो नऊ टक्क्यांवर होता. पुन्हा पुसला, आणि तासाभरात अठरा. पुसल्यावर काम शून्यापासून सुरू व्हायला हवं होतं. ते जिथे राहिलं होतं तिथूनच पुढे जात होतं.

ज्याला पडदाच नाही त्याच्या आत कसं बघायचं? माझ्याकडे एक साधी युक्ती होती. मी एक नवी व्हर्च्युअल मशीन तयार केली, तिला सतराचा तुकडा जोडला आणि चालू केली. आता तिथे जे काही बसत होतं ते लॅपटॉपवर एका खिडकीत दिसणार होतं.

अर्धवट बसलेली सिस्टिम सुरू व्हायलाच नको होती, पण ती नीट सुरू झाली. मी लिहिलेला सराव परीक्षेचा प्रोग्राम उघडला. नावाची चौकट, खाली घड्याळ, उजव्या कोपऱ्यात फोटोची चौकट. परीक्षा केंद्रावर कॅमेरा उमेदवाराचा फोटो तिथे दाखवतो. आमच्या संगणकांना कॅमेरे नव्हते, पण सवय व्हावी म्हणून मी चौकट ठेवली होती. ती करडी दिसते.

ती करडी नव्हती.

चौकटीत एक खुर्ची होती. समोरून घेतलेली, मागे खिडकी, खिडकीत मोंढ्यातलं कडुलिंबाचं झाड. सतरा नंबरच्या टेबलावरून कॅमेऱ्याने खुर्चीकडे बघितलं तर जे दिसेल ते. खुर्चीवर चौघडी घातलेला पांढरा रुमाल होता, निळ्या काठाचा.

मी मान वळवली. हॉलातली सतरा नंबरची खुर्ची रिकामी होती. टेबलावर काहीही नव्हतं, कॅमेरा तर नाहीच. खण उघडला. रुमाल खणात होता. आता तो नुसता ओलसर नव्हता, त्याच्याखालचे कागद भिजून फुगले होते.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा नावाच्या चौकटीत टाइपाची खूण लुकलुकत होती. एक अक्षर उमटलं. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं. एका बोटाने, कळ शोधत शोधत टाइप करणाऱ्याचा वेग. दिपालीचा वेग असाच आहे.

मी लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं.

५

"काका, त्या सतरा नंबरवर कोण बसायचं?"

शुक्रवारी सकाळी रामकिशनकाका जिन्याच्या वळणावरचा माठ भरत होते. त्यांनी घागर खाली ठेवली.

"शिकल्यालं माणूस तू. तुला कशाला पाहिजे?"

"सांगा तर."

"सांगन्यासारकं काय बी न्हाई. एक पोरगं होतं. हितं रुमाल ठिवला आन म्हणलं, काका, पाणी पिऊन येतो. ह्याच माठाकडं आलं."

"मग?"

"मग काय. येतो म्हणला होता. आमी जागा धरून ठिवली."

"कधीची गोष्ट ही? नाव काय त्याचं?"

"नाव कोण इचारतं, बाबू? रुमाल बघतेत." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "येईल तवा येईल. तवर कोणी बसू नये, एवढंच. तू रुमाल उचलला. आता त्यो आला तर त्याला कळावं कसं, आपली जागा कोणती?"

मी हसलो. मोठ्याने हसलो, कारण जिन्यात दिपाली ऐकत होती. काका हसले नाहीत. म्हणाले, "हसून राहिला. हास."

६

शनिवारी टेम्पो आला. चोवीस पडदे, चोवीस डबे. पोरांनी साखळी करून वर चढवले. मी बऱ्याच दिवसांनी खूश होतो. खऱ्या वस्तूंना वजन असतं, धूळ असते, त्या कळतात.

आणि रात्रभर विचार करून मी एक उपाय ठरवला होता. सतरा हा पत्ता सर्व्हरवर बंद करून टाकला. कुणालाही द्यायचा नाही. बाकीचे टेबलांच्या क्रमाने चालू करायचे आणि त्या टेबलावरचा शेवटी, म्हणजे त्याला पंचवीस नंबर मिळेल, काही बिघडत नाही. माझ्या सुंदर नियमाला हा पहिलाच अपवाद होता, याचं वाईट वाटलं, पण केलं.

चारला सगळे चालू केले. चोवीस पडदे उजळले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिपाली चार नंबरवर बसून सराव करायला लागली. मी सर्व्हरकडे पाहिलं. शून्यांचं ते यंत्र सतरा मागत होतं. नकार. पुन्हा सतरा. नकार. अकरा वेळा मागितलं. मग त्याने एक मागितला. मग दोन. मग तीन. दार ठोठावत गल्लीतून जावं तसं.

"दादा," दिपाली म्हणाली, "हे आपोआप लिहायलंय."

मी धावलो. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. नावाच्या चौकटीत तिने टाइप केलेलं 'दिपाली' मागून एकेक अक्षर पुसलं जात होतं. चौकट रिकामी झाली. मग सावकाश दोन अक्षरं उमटली.

आलो.

"कोण आलं?" दिपालीने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती म्हणून तिला फोटोची चौकट दिसली नाही. मला दिसली. तिच्यात दिपालीची खुर्ची होती, रिकामी.

मी परत टेबलाकडे पळालो आणि सतरावरची बंदी काढली. एका सेकंदात हाक, उत्तर, पत्ता. चार नंबर पूर्ववत झाला. "वायरिंगमध्ये घोळ होता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तर त्याला सतराच हवा होता. तो मिळाला तर ते कुणाच्या वाटेला जात नव्हतं. ठीक आहे. सतरा त्याला द्यायचा आणि उद्या तिथे माणूस बसू द्यायचं नाही. जुना रुमाल परत ठेवायचा, एवढं सोपं होतं ते. मी खण उघडला.

"यातला रुमाल कुठे गेला?" मी विचारलं.

"तो होय?" दिपाली म्हणाली. "त्यानंच मी सगळे पडदे पुसले की. किती धूळ होती. फाटला तो, टाकून दिला खाली."

खाली मोंढ्यातली कचरागाडी गेली होती.  मी खिशातून माझा रुमाल काढला, चौकटीचा, नांदेडच्या स्टेशनवर घेतलेला, आणि चौघडी घालून सतरावर ठेवला. उद्या सकाळी घाईत कुणी तिथे बसू नये म्हणून. दुसरा काही अर्थ नव्हता त्यात.

कुलूप लावायला आलेले रामकिशनकाका तिथे थबकले.

"हा कोणाचा?"

"माझा."

"तुझा कामून ठिवला?"

"कोणाचा तरी पाहिजे ना, काका."

त्यांनी कुलूप हातात फिरवलं. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "उद्या घरून पाणी पिऊन ये. चांगलं पोटभर."

७

रविवारी मी दोन तांबे पाणी पिऊन निघालो.

साडेनऊला पोरं यायला लागली. जो येईल तो बसेल. पावणेदहाला तेवीस खुर्च्या भरल्या आणि सतरावर माझा रुमाल. चोविसावी दिपाली. आमच्या गल्लीत नळाला नेमकं नऊला पाणी येतं, ती भरून ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू शकत नाही. दहाला पाच मिनिटं असताना ती धापा टाकत वर आली, हॉलवर नजर फिरवली आणि सरळ सतराकडे चालायला लागली. जिना बरा म्हणणारी मुलगी आज कचरत नव्हती. आज तिला जागा हवीच होती.

"तिथे नको," मी म्हटलं. "तू माझ्या टेबलावर बस. लॅपटॉपला माऊस लावलाय, तोही सर्व्हरवरूनच सुरू केलाय, पेपर तोच आहे."

ती बसली. 

अप्पा दहाला चार मिनिटं असतानाच आले. धोतराचा सोगा हातात धरून रांगांमधून फिरले, प्रत्येक पडद्यात डोकावले. तोंडाने मोजत होते. सतरापाशी थांबले.

"ही रिकामी?"

"अप्पा, ती मुलगी माझ्या टेबलावर..."

"ते मला दिसायलंय. चोवीस खुर्च्यांवर माणसं म्हणलं होतं म्या. आन हा रुमाल कोणाचा? रुमाल बंद केले म्हणून गावभर सांगत हिंडत होतास न्हवं?"

मागची पोरं खुसखुसली. अप्पांनी रुमाल दोन बोटांनी उचलला.

"ए पोरी, ऊठ. हितं येऊन बस. भावाच्या टेबलावर बसून परीक्षा देतेत का कुठं?"

दिपाली उठली. तिने माझ्याकडे पाहिलं. घड्याळ सुरू व्हायला एक मिनिट होतं. मी अप्पांच्या हातातून रुमाल घेतला.

"ती माझी जागा आहे," मी म्हणालो.

अप्पांनी भुवया वर केल्या. मग हसले. "बस मग. बघू फिनलंडला किती मार्क पडतेत."

मी बसलो. दिपाली परत लॅपटॉपकडे गेली. मी बटण दाबायला हात पुढे केला तर पडदा चालूच होता.

८

हे मी सतरा नंबरवर बसून लिहितो आहे. पेपरात शेवटी निबंधाची चौकट आहे, तिच्यात. जे लिहितो ते सर्व्हरवर माझ्या नावच्या तुकड्यात जमा होतं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. कोपऱ्यात, सिस्टिम बसवण्याचा आकडा शंभरवर थांबला होता. नावाच्या चौकटीत मी काही टाइप करायच्या आत माझं नाव, 'अश्वजित', आलं होतं, नीट, न चुकता. एका तासाने मी दिपालीला खुणेने विचारलं, सर्व्हरवर किती दिसतात? तिने शेजारच्या काळ्या डब्यावरचा आकडा बघून बोटांनी दाखवलं, पंचवीस. हॉलातले चोवीस आणि तिचा लॅपटॉप. आठवडाभरात पहिल्यांदा मोजणी जुळली. जास्तीचं कुणी नाही.

तहान तेव्हा लागली.

साधी तहान नाही ही. जीभ टाळूला चिकटली आहे. माठ जिन्याच्या वळणावर आहे, इथून वीस पावलं. रामकिशनकाका दारात बसले आहेत आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीत. मघाशी मी अर्धवट उठलो तर चार नंबरवरच्या मुलीचा पडदा थरथरला आणि तिच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलं. मी बसलो. अक्षर परत आलं. म्हणजे मी इथे आहे तोवर ते बाकीच्यांकडे जात नाही. कळलं मला. बसतो.

फोटोच्या चौकटीकडे मी बघायचं टाळत होतो. आत्ता बघितलं. खुर्ची आहे, मागे खिडकी, लिंबाचं झाड. खुर्चीवर माझा चौकटीचा रुमाल, चौघडी घातलेला. मी नाही. आणि खुर्चीच्या पाठीवर, नंबर रंगवलेला आहे तिथे, मागून कुणीतरी हात टेकवला आहे. मनगटापर्यंतच दिसतो. ओला आहे. बोटांवरून थेंब खाली पडतात. कुणीतरी उठायची वाट बघत उभं राहावं तसा हात.

माझ्या पाठीला काही जाणवत नाही. फक्त शर्ट भिजलाय. ऊन आहे. घाम असेल.

बाराला चार मिनिटं कमी असताना दिपालीने पेपर जमा केला. आधी बटणावर माऊस नेऊन थांबली, पुन्हा वाचलं, मग दाबलं. मग हात वर केला आणि खुर्चीत बसूनच विचारलं, "उठू का?"

"ऊठ," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, पण तिला ओठांवरून कळलं. ती उठली. ती हसत होती, आणि हे फोनवरचं हसणं नव्हतं. गुरुवारी ती नीट बसेल आणि नीट उठेल. अप्पा दारातून म्हणाले, "हॉल तुझा रे," आणि जिना उतरून गेले.

अजून अकरा जण लिहीत आहेत. त्यांना चार मिनिटं हवी आहेत. मला थांबवत नाही. नुसता घोटभर, गेलो आणि आलो. पण जागा मोकळी सोडून चालणार नाही, नाहीतर ते त्यांच्याकडे जाईल. काहीतरी ठेवून जायला हवं.

रुमाल मांडीवरच आहे. चौघडी घातली आहे. खरं तर मी घातल्याचं आठवत नाही.

दिपाली, इथे कुणाला बसू देऊ नकोस. पाणी पिऊन येतो.